भेगेच्या आतले दुखणे: नर्मदाकाठच्या जुन्या फायबर बोटी

नंदुरबारला समुद्र नाही. तरीही अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या गावांचे बोटीवाचून चालत नाही. हे घडले सरदार सरोवरामुळे. १९९३ मध्ये मणिबेलीपासून महाराष्ट्रातल्या बुडिताला सुरुवात झाली. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदाच पूर्ण संचय पातळीला, म्हणजे १३८.६८ मीटरला टेकले. जिल्ह्यातली ३३ गावे या बुडिताने बाधित झाली. काठाच्या पायवाटा आणि कसदार शेते पाण्याखाली गेली. सातपुड्याच्या सोंडांवर उरलेले पाडे एकमेकांपासून तुटले. चिमलखेडी, बामणी, डनेल, भुषा ही नावे आता रस्त्याच्या नकाशावर शोधण्यापेक्षा पाण्याच्या नकाशावर लवकर सापडतात.

या पाण्यावर आरोग्य विभागाचे तरंगते दवाखाने फिरतात, रेशनचे धान्य जाते, शिक्षक जातात, निवडणुकीत मतदानयंत्रे घेऊन कर्मचारी जातात. करोनाच्या साथीत लसीकरणाची पथके बोटीनेच काठावर पोचली. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० मध्ये स्वतः होडी वल्हवत बाळंतिणींपर्यंत आणि बालकांपर्यंत पोचल्या, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांची बातमी केली. बातमीत कौतुक होते आणि ते रास्तच होते. पण होडी कशी आहे, तिचा तळ शेवटचा कोणी आणि कधी तपासला, हे अशा बातमीत कधी येत नाही. या लेखाचा विषय तोच आहे: फायबरची बोट जुनी झाली, तिच्या सांगाड्याला मार बसला, की करायचे काय?

फायबरबद्दल आपल्याकडे एक भाबडा समज आहे, की त्याला काही होत नाही. लाकूड कुजते, लोखंड गंजते, फायबर तसेच राहते. हा समज सगळाच खोटा नाही. काचेचे तंतू आणि पॉलिस्टर रेझिन यांची बोट अमेरिकेत रे ग्रीन यांनी १९४२ च्या सुमारास केली. पन्नाशीच्या दशकात तिथल्या तटरक्षक दलाने गस्तीसाठी फायबरच्या बोटी घेतल्या, तेव्हा हा माल किती टिकेल याची कोणालाच खात्री नव्हती. म्हणून अशा एका बोटीच्या तळाचे तुकडे दहा वर्षांनी आणि पुन्हा वीस वर्षांनी कापून तपासले गेले. ताकद बहुतांशी टिकून होती. पुढच्या सगळ्या अनुभवाने हेच सांगितले: नीट बांधलेले फायबर नुसत्या वयाने मरत नाही.

मग जुन्या बोटी निकामी का होतात? कारण फायबरची बोट नुसत्या फायबरची नसते. बाहेरची कवची चार, सहा, आठ मिलिमीटरची. ती एकटी असती तर पाण्याच्या पहिल्या दणक्याला पत्र्यासारखी थरथरली असती. तिला ताठ ठेवतात ते आतून बसवलेले स्ट्रिंगर, म्हणजे नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाणाऱ्या उभ्या पट्ट्या, त्यांना छेद देणाऱ्या आडव्या भिंती, आणि ट्रान्सम, म्हणजे इंजिन ज्यावर टांगतात ती मागची भिंत. यातल्या बहुतेकांच्या पोटात प्लायवूड, फळी किंवा फोम असतो आणि वरून फायबर मारलेले असते. बोटीचे वय ठरते ते या पोटावरून. काच कुजत नाही, पण काचेत कोंडलेले लाकूड उघड्या लाकडापेक्षाही लवकर कुजते, कारण आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते आणि वारा लागत नाही. डोळ्यांना दिसते ते गुळगुळीत, रंगवलेले फायबर. आत काळा भुसा झालेला असतो.

या लेखात मला मुख्यतः एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. आपल्याकडे जुन्या बोटीची दुरुस्ती म्हणजे भेगेवर मॅट, म्हणजे काचेच्या तंतूंची चादर, मारणे, असे समीकरण झाले आहे. भेग हे लक्षण असते. ती का पडली याचे उत्तर बहुधा तिच्या मागे, आतल्या बाजूला असते. ते उत्तर शोधल्याशिवाय मारलेले फायबर म्हणजे खर्च अधिक वजन.

सरदार सरोवराच्या पाण्याचा स्वभाव समजल्याशिवाय इथले नुकसान समजणार नाही. जलाशयाची किमान पातळी ११०.६४ मीटर आणि कमाल १३८.६८. म्हणजे पाणी २८ मीटर वरखाली होऊ शकते. काठ असा कायमचा उरतच नाही. दिवाळीत जिथे बोट लागते, ती जागा मे महिन्यात डोंगराच्या मध्यावर उघडी पडलेली असते. पक्का धक्का बांधायचा तर कोणत्या पातळीला बांधणार? म्हणून बोट सरळ दगडांवर, मुरमावर चढवली जाते. उतारूंच्या वजनासकट ती घासते. नाळेचा खालचा भाग आणि तळाचा कणा आधी झिजतो. वरचा जेलकोट, म्हणजे रेझिनचा गुळगुळीत बाहेरचा थर, जातो, मग मॅट उघडी पडते, तंतूंचे केस दिसू लागतात. तिथून पाणी आत शिरते.

दुसरा शत्रू पाण्याखाली उभा आहे. बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि खडकांची टोके पातळी उतरली की पृष्ठभागाच्या जरा खाली येतात. इंजिनाच्या वेगात असलेल्या बोटीला एक टोक पुरते. मुंबईत २४ ऑक्टोबर २०१८ रोजी शिवस्मारकाच्या कामाच्या शुभारंभाला निघालेली स्पीडबोट प्रॉन्ग्ज दीपगृहाजवळच्या खडकावर आदळून बुडाली आणि एकाचा जीव गेला. तिथे मदतीला दुसऱ्या बोटी जवळ होत्या. नर्मदेवर मुखडी किंवा डनेलच्या वळणावर तशी मदत मिळणार नाही.

तिसरी गोष्ट थोडी आश्चर्याची वाटेल. फायबरला खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणी जास्त बाधते. जेलकोटमधून पाण्याचे रेणू हळूहळू आत झिरपतात आणि रेझिनमधली न मुरलेली रसायने विरघळवतात. आत दाट द्रव तयार होतो, तो आणखी पाणी ओढतो, आणि तळावर फोड येतात. बाहेरचे पाणी जितके गोडे आणि जितके कोमट, तितकी ही ओढ अधिक. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. (तो फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा, द्रव दाबाखाली असतो.) परदेशी नौकामालकांनी या फोडांची फार धास्ती घेतली आणि त्यावर महागड्या उपचारांचा एक धंदाच उभा राहिला. माझे मत असे, की नर्मदेवरच्या बोटींना ही चैन परवडणारी नाही आणि तिची गरजही नाही. वरवरचे फोड दिसायला वाईट असतात, पण त्यांनी सहसा बोट बुडत नाही. खोल गेलेले, थर सुटलेले फोड मात्र वेगळे. तेवढे खरवडून भरावे आणि लक्ष ट्रान्समकडे द्यावे.

कारण बहुसंख्य जुन्या बोटींचे मरण ट्रान्सममधून येते. पन्नास-शंभर किलोचे इंजिन त्या भिंतीला लटकते, रेटा देते, हादरे देते. त्याचे बोल्ट फायबर आणि प्लाय यांतून आरपार जातात. त्या भोकांच्या कडा रेझिनने बंद केल्या नसतील तर पाणी थेट प्लायच्या थरांत. मग कोणी शिडी बसवतो, कोणी बाक ठोकतो, कोणी लाईफ जॅकेट अडकवायला हूक मारतो, कोणी उद्घाटनाची पाटी. प्रत्येक स्क्रू म्हणजे पाण्याला एक दार. सरकारी बोटीवर पाटी हमखास असते.

आता तपासणी. हिच्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण इथेच बिनपैशाने सर्वांत जास्त मिळते. बोट पाण्यात असताना केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे. ती पूर्ण बाहेर काढायची, ओंडक्यांवर किंवा टायरांवर टेकवायची, आतल्या फळ्या उचलायच्या, तळात साचलेले तेल-पाणी-चिखल काढून धुवायची आणि काही दिवस वाळू द्यायची. नंतर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तळाकडे बघायचे. उभ्या उन्हात न दिसणारा फुगवटा आणि खळगा तिरप्या उजेडात उठून दिसतो.

भेगांना भाषा असते. एका बिंदूपासून चहूकडे फुटलेल्या भेगा म्हणजे तिथे काहीतरी आदळले. एकमेकींना समांतर, सरळ रेषेत जाणाऱ्या भेगा म्हणजे तो भाग वाकतो आहे, आणि बहुधा त्या रेषेच्या आतल्या बाजूला स्ट्रिंगर किंवा आडव्या भिंतीची कड आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पुष्कळदा नुसत्या जाड जेलकोटचे असतात, त्यांचा अर्थ फार लावू नये. पण आतून पाहिल्यावर त्याच जागी पांढरट डाग दिसला, तर थर एकमेकांपासून सुटलेले आहेत. स्ट्रिंगर आणि तळ जिथे जोडलेले असतात, त्या जोडाच्या कडेला नख शिरेल एवढी फट असेल, तर स्ट्रिंगर आता तळाला धरून नाही. तळ मोकळा फिरतो आहे.

मग ठोकून पाहायचे. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तसेच. पाच रुपयांचे नाणे किंवा प्लास्टिकच्या डोक्याची लहान हातोडी घेऊन वीत-वीत अंतराने सगळा तळ वाजवायचा. घट्ट फायबर टणटणीत बोलते, सुटलेले किंवा भिजलेले बद्द वाजते. जिथे आवाज बदलला तिथे खडूने खूण. तासाभरात तळावर एक नकाशा तयार होतो आणि तो जवळजवळ नेहमी दिसणाऱ्या भेगेपेक्षा कितीतरी मोठा असतो. इंजिनाचा पाय हाताने वर-खाली हलवून ट्रान्सम लवतो का ते बघायचे. शंका असेल तिथे आतल्या बाजूने, स्ट्रिंगरच्या सर्वांत खालच्या जागी, बारीक ड्रिल मारायचे. कोरडा पिवळसर भुसा आला तर देवाची कृपा. काळा, ओला, वास मारणारा आला, किंवा भोकातून पाणीच ठिबकले, तर पुढचे काम मोठे आहे हे मनाशी धरावे. भोक नंतर भरता येते, भरमसाट खर्च मात्र परत मिळत नाही.

बाजारात ओलावा मोजणारी यंत्रे मिळतात. ती उपयोगी आहेत, पण वापरणाऱ्याला फसवतातही. आत धातू असेल, पृष्ठभाग ओला असेल, तर भलताच आकडा येतो. अनुभवी कानापेक्षा ती फार पुढे आहेत असे मला वाटत नाही.

दुरुस्तीचा पहिला नियम लोकांना आवडत नाही: भोक लहान करायचे नसते, मोठे करायचे असते. फुटलेले, सुटलेले, पांढरे पडलेले सगळे फायबर घट्ट भाग लागेपर्यंत कापून काढायचे. मग कडा उतरत्या घासायच्या, आणि हा उतार तळाच्या जाडीच्या बारापट असावा, असा जगभरचा संकेत आहे. तळ ६ मिलिमीटर असेल तर भोकाच्या भोवती ७२ मिलिमीटरचा उतार. म्हणजे १० सेंटिमीटरच्या भोकासाठी जवळजवळ २५ सेंटिमीटर रुंदीची जागा घासावी लागते. मालक हे पाहून हबकतो. पण नव्या थराला जुन्या थराला धरायला जागा हवी. जुन्या रेझिनशी नवे रेझिन रासायनिकरीत्या एकजीव होत नाही, ते नुसते चिकटते. चिकटायला क्षेत्रफळ जितके जास्त तितकी पकड जास्त. चकचकीत पृष्ठभागावर, मेण आणि डिझेलच्या थरावर मारलेले ठिगळ पापडासारखे सुटून येते, आणि ते सुटते तेव्हा बोट बहुधा भरलेली असते.

त्याच कारणाने जुन्या बोटीच्या सांगाड्याच्या कामाला इपॉक्सी रेझिन चांगले. ते जुन्या फायबरला आणि लाकडाला पॉलिस्टरपेक्षा बरेच घट्ट धरते. महाग आहे, कित्येक पटींनी महाग. शिवाय रेझिन आणि हार्डनरचे प्रमाण काटेकोर लागते, अंदाजपंचे चालत नाही, आणि इपॉक्सीवर नंतर पॉलिस्टरचा जेलकोट नीट बसत नाही, रंगच द्यावा लागतो. माझा सल्ला मधला आहे: वरच्या, काठाच्या, बाकांच्या दुरुस्तीला पॉलिस्टर चालेल. पाण्याखालचे आरपार भोक, स्ट्रिंगरचा जोड आणि ट्रान्सम, एवढ्यावर इपॉक्सी वापरावी. तिथे वाचवलेले पैसे खरे वाचलेले नसतात.

थर लावतानाची शिस्त कारागीर जाणतात, घाईत सोडून देतात. सुट्या तंतूंची मॅट आणि विणलेले काचेचे कापड, म्हणजे रोव्हिंग, आलटून पालटून लावायचे. मॅटला तिच्या वजनाच्या दुपटीहून थोडे अधिक रेझिन लागते, रोव्हिंगला साधारण त्याच्या वजनाइतके. रेझिन जास्त झाले म्हणजे मजबुती वाढली असे नाही, उलट ठिसूळपणा वाढतो, ताकद काचेत असते. रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. एका दमात तीन-चार थरांपेक्षा जास्त नाही, नाहीतर आत उष्णता कोंडून रेझिन तडकते. आणि एक धोक्याची सूचना: पॉलिस्टरच्या कामात कोबाल्ट (मुरण्याची गती वाढवणारे रसायन) आणि हार्डनर वेगवेगळे मिळत असतील, तर ते दोन्ही कधीही थेट एकत्र करू नयेत, स्फोट होऊ शकतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण ढवळून घ्यायचे, मगच हार्डनर.

नंदुरबारात एक वेगळाच पेच आहे, किनाऱ्यावर तो इतका जाणवत नाही. पाणी सर्वांत खाली उतरते ते उन्हाळ्याच्या शेवटी. तेव्हा बोट बाहेर काढायला काठ मोकळा असतो आणि पावसाळ्यापूर्वी काम व्हायला हवे असते. पण मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात हार्डनर घातलेले रेझिन डब्यातच थिजते. मग कारागीर हार्डनर कमी करतात, आणि प्रमाण १ टक्क्याच्या खाली गेले की रेझिन वरून कडक, आतून कच्चे राहते. पावसाळ्यात दमट हवेत पकड येत नाही. हिवाळ्यात दुपार उत्तम, पण सातपुड्यात रात्री पारा इतका उतरतो की डाबसारख्या ठिकाणी दव गोठते, आणि १५ अंशांच्या खाली पॉलिस्टर नीट मुरत नाही. तोडगा असा: कापणे, घासणे, वाळवणे ही कामे मे महिन्यात कधीही, पण रेझिनचे काम पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत, सावलीत, छप्पर टाकून, थोड्या-थोड्या मात्रेत. कोकणात कोळी पावसाळ्याआधी होड्या बाहेर ओढून शाकारतात. त्याच काळात दोन महिन्यांची मासेमारीबंदी असते, त्यामुळे होडीला सक्तीची विश्रांती मिळते. नर्मदाकाठच्या बोटीला तशी सुट्टी नाही, आणि पावसाळ्यात तर बोट जास्तच लागते.

ट्रान्सम आणि स्ट्रिंगर बदलणे हे खरे शस्त्रकर्म. आतली फायबरची कातडी कापून, कुजलेला प्लाय छिन्नीने खरवडून, जागा कोरडी करून नवा प्लाय बसवायचा. दुकानदार ‘मरीन प्लाय’ म्हणून काहीही देतात. फळीवर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्यावा. आयएस ३०३ हा घरातल्या फर्निचरचा प्लाय आहे, तो बोटीत नको. कडा रेझिनने चिंब कराव्यात, कोपऱ्यांत पुट्टीचा गोल भराव द्यावा, कारण फायबर काटकोनात वळत नाही, तिथे पोकळी राहते. इंजिनाच्या बोल्टची भोके आधी मोठी पाडून, रेझिनने भरून, मग नेमकी पाडावी. म्हणजे पुढे गळती झाली तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही.

लाकूड फायबरमध्ये गुंडाळणे मुळात वाईट असे कोणी समजू नये. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही नौदलाची शिडाची नौका लाकडी पट्ट्यांवर फायबर आणि इपॉक्सी चढवूनच तयार झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात आली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. म्हणजे पद्धत तीच, साहित्यही जवळपास तेच. फरक प्रत्येक थर लावताना घेतलेल्या काळजीचा आणि प्रत्येक भोक बंद करण्याचा.

काम करणाऱ्यांच्या जिवाचाही विचार व्हायला हवा. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात आणि त्वचेत जाते, रेझिनच्या वाफेने डोके दुखते, हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. नाकाला गमछा बांधून यातले काहीच थांबत नाही. धुळीला एन-९५ मास्क चालतो, वाफेला मात्र कार्ट्रिजचा वेगळा मास्क लागतो. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात या मास्कच्या खर्चाची ओळ नसतेच.

आता प्रश्न येतो, की कुठली बोट दुरुस्त करू नये. सगळ्या बोटी वाचवण्यासारख्या नसतात. स्ट्रिंगरांपैकी निम्म्याहून अधिक कुजले असतील, ट्रान्समही गेला असेल आणि तळावर आधीच ठिगळांवर ठिगळे असतील, तर माझ्या मते ती बोट उतारूंसाठी संपली. कोणी म्हणेल, मासेमारीला वापरू. एकटा मच्छिमार वल्ह्याने काठाकाठाने नेणार असेल तर वापरावी, इंजिन लावून माणसे भरायला नको. भिजलेला फोम आणि लाकूड बोटीचे वजन शेकडो किलोंनी वाढवू शकते, त्यात ठिगळांचे वजन. बोट पाण्यात आधीच खोल बसते. ‘वीस माणसांची बोट’ असे जे म्हणतात, ते ती कोरडी असतानाचे माप असते.

भुषा येथे १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, नर्मदेच्या पूजेसाठी निघालेली बोट उलटली आणि लहान मुलांसह किमान सहा जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेहून कितीतरी अधिक, साठच्या आसपास माणसे होती. ते मृत्यू गर्दीचे होते, फुटलेल्या तळाचे नव्हते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पुढे ७ मे २०२३ रोजी केरळात तानूरला मासेमारीची बोट उतारूंसाठी बदलून घेतलेली होती, ती उलटून २२ जण बुडाले. आणि १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका. भारतात बोटी बहुतेक वेळा गर्दीने आणि फेरफाराने बुडतात. म्हणून सांगाड्याचा प्रश्न दुय्यम, असे काही अधिकारी म्हणतील. मला ते पटत नाही. किती माणसे बसवायची हा आकडा सांगाड्याच्या स्थितीवरूनच ठरायला हवा, आणि जुन्या बोटीचा तो आकडा दरवर्षी बदलायला हवा. तपासणी आणि गर्दी हे वेगळे प्रश्न राहत नाहीत.

कायद्यात हे आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्गत जलयान कायदा २०२१ आला आणि २०२२ पासून लागू झाला. यांत्रिक बोटीची नोंदणी आणि तपासणीचा दाखला त्यात बंधनकारक आहे, आणि वल्ह्याच्या होड्यांची मोजदाद स्थानिक संस्थांवर सोपवली आहे. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येते, आणि मंडळाचे सगळे बळ किनाऱ्यावर आहे. भारतीय नौवहन निबंधक ही नौकांची प्रतवारी करणारी संस्था मुंबईत, मासेमारी तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था कोचीत. लाकडी होड्यांवर फायबर चढवण्याचे आणि छोट्या फायबर बोटींचे पुष्कळ काम कोचीच्या संस्थेने केले आहे. ते किनाऱ्यावर पोचले, सातपुड्यात पोचलेले दिसत नाही.

लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या बोटी घ्या, प्लास्टिकच्या घ्या, हा पर्याय अधूनमधून पुढे येतो. लोखंडाच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे: वेल्डर प्रत्येक तालुक्याच्या गावात आहे. फायबरवाला सुरतेला किंवा मुंबईला आहे, आणि जवळपास जो आहे तो पाण्याच्या टाक्या आणि गाड्यांचे बंपर दुरुस्त करतो. त्याला मॅट मारता येते, स्ट्रिंगर कशासाठी असतो हे त्याला कोणी सांगितलेले नाही. पण लोखंडी बोट जड, तिला इंजिन मोठे, डिझेल जास्त, आणि दगडावरून ती ओढायला दहा माणसे. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग वेगळे, त्याचा वेल्डर पुन्हा शहरात. शिवाय आज ज्या फायबर बोटी पाण्यात आहेत त्या काही नाहीशा होणार नाहीत. लाकडी डोंगी संपली की तिचे सरपण होते. फायबरच्या बोटीचे सरपण होत नाही, तिची कवची कुजत नाही, भंगारवाला तिला हात लावत नाही. जलाशयाच्या काठाला उलटी पडून तिची काच पिढ्यान्‌पिढ्या राहील.

तेव्हा नवे काही घेण्याआधी जे आहे त्याची निगा हा पहिला विषय. त्यासाठी मोठी योजना लागत नाही. जलाशयाच्या महाराष्ट्राच्या बाजूला एक उतरता सिमेंटचा घाट, पाणी २८ मीटर खाली जाते हे गृहीत धरून लांब बांधलेला, ज्यावर बोट घसरगाडीने ओढता येईल. धडगाव किंवा मोलगीच्या दहा-बारा तरुणांना फायबरच्या सांगाडा-दुरुस्तीचे महिनाभराचे प्रशिक्षण. आणि दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक उतारू-बोटीचा, दवाखान्याच्या बोटीचाही, तळ ठोकून केलेला खडूचा नकाशा आणि त्याच्या फोटोसह एक कागद, ज्यावर लिहिलेले असेल की यंदा हिच्यात इतकीच माणसे. त्या कागदाची प्रत ग्रामपंचायतीत लावावी.

ज्यांच्या अखत्यारीत हे येते, त्या जिल्हा परिषदेला, आरोग्य विभागाला आणि सागरी मंडळाला विनंती एवढीच: जुन्या बोटीच्या दुरुस्तीची निविदा काढताना ‘फायबर कोटिंग, चौरस फूट’ ही ओळ खोडा आणि तिच्याआधी ‘बोट बाहेर काढून स्ट्रिंगर आणि ट्रान्समची तपासणी’ ही ओळ घाला. आणि काठावरच्या वाचकांनो, बोटीत चढण्याआधी मागे जाऊन इंजिन एकदा हाताने हलवून बघा. मागची भिंत लवताना दिसली, तर त्या फेरीला जाऊ नका.